पाटावरच्या पुतळ्या

आमचे शेजारी अण्णा पोतदार सोन्याच्या नाण्यांना पाट मांडत. हे मी ऐकीव सांगत नाही. साताऱ्याच्या त्या घरात त्यांची खोली आणि आमची खोली यांच्यामध्ये कुडाची एकच भिंत होती आणि तिला एक भोक होतं. भोक मी पाडलेलं नव्हतं, आम्ही राहायला आलो तेव्हापासून ते तिथे होतं.

माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी घरी असे. बरोबर बारा वाजता अण्णा पाट मांडायचे, भोवती रांगोळीची रेघ ओढायचे, पाटावर तांदूळ पसरून त्यावर एकेक नाणं बसवायचे. मग समोर मांडी घालून, विहिणीशी बोलावं तशा अदबीने विचारायचे, "जायचं का तुम्हाला?" आणि थांबायचे. उत्तर द्यायला माणसाला लागतो तेवढाच वेळ. मग कधी "बरं" म्हणायचे, कधी "राहू दे, राहू दे, घाई नाही." एकदा म्हणाले, "असं कसं? परवा तर हो म्हणाला होतात." त्या दिवशी मी भोकात कागदाचा बोळा कोंबला.

अण्णांचा धंदा परदेशी सोन्याची नाणी घेऊन विकण्याचा. लढाईचे दिवस होते. पलटणीतले लोक मिसरातून, बसऱ्याहून कमरेच्या पट्ट्यात शिवून राजाछाप गिन्न्या आणत. शिवाय घरोघरच्या बायकांच्या गळ्यात पुतळ्या होत्याच. पुतळी हेही मुळात आपलं नाणं नव्हे. ती दर्यापारच्या कुठल्याशा शहराची जुनी मोहर. तिच्यावर एक साधुपुरुष आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला राजा असतो. आमच्या बायका त्यांना राम-सीता म्हणतात आणि आजवर दोघांपैकी कुणी तक्रार केलेली नाही. अण्णा हा माल साताऱ्याच्या आसपास विकत घेत आणि महिन्यातून एकदा सांगलीच्या सराफ कट्ट्यावर नेऊन नफ्याने विकत.

नफा मात्र दांडगा होई. पाटावरच्या नाण्याने "नको" म्हटलं की अण्णा पंधरा पंधरा दिवस थांबत, आणि तेवढ्यात सोन्याचा भाव चढलेला असे. पेठेत बोलवा झाली की अण्णांना मेलेली बायको भाव सांगते. दोन दलालांनी सुताराकडून गुपचूप नवे पाट करून घेतले. त्यांतला एक तर आंबेमोहोर लागतो की साधा तांदूळ चालतो, हे विचारायला अण्णांच्या दारी आला. अण्णा म्हणाले, "तांदूळ कुठलाही चालेल. विचारायचं मनापासून."

आमच्या हिला हे बिऱ्हाड बदलायचं होतं. भिंतीपलीकडून बायकांचं कुजबुजणं ऐकू येतं, असं तिचं म्हणणं. मी तिला म्हटलं, मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. "शिकवा की," ती म्हणाली, "पण त्या भिंतीकडे पाय करून झोपू नका." मी जागा बदलून झोपू लागलो, पण ते वाऱ्यासाठी.

एकदा अण्णांबरोबर सांगलीला जायचा योग आला. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची रीत होती. कराडच्या अलीकडे आम्ही सगळे उतरलो. अण्णा मांडीवर पुरचुंडी धरून बसून राहिले. कंडक्टर ओरडला तेव्हा शांतपणे म्हणाले, "बरोबर बायकामाणसं आहेत." कंडक्टरने आत डोकावून पाहिलं. अण्णांखेरीज मोटारीत कुणी नव्हतं. तो मागे येऊन ढकलू लागला, आणि सांगली येईपर्यंत त्याने आमच्या बाकाकडे पाहिलं नाही.

सराफाच्या दुकानात व्यवहार झाल्यावर अण्णांनी प्रत्येक नाण्याबरोबर चिमूट चिमूट तांदूळ दिला. सासरी निघालेल्या मुलीची ओटी भरावी, तसा. सराफाला सवय होती, त्याने तो डबीत टाकला. दुकानाच्या मागे मुशीत सोनं आटवायचं काम चाले. भात्याचा आवाज सुरू होताच अण्णांनी दोन्ही कानांत कापूस घातला. बाहेर आल्यावर मी कारण विचारलं. "ओरडतात हो," ते म्हणाले. मी हसलो, पण कट्टा संपेपर्यंत मीही जरा भराभरच चाललो.

त्या वर्षी होळीच्या सुमारास माणदेशातून सगुणा नावाची एक बाई पुतळी विकायला आली. नवरा लढाईवर, दोन महिने मनीऑर्डर नाही, आणि घरात सात वर्षांची पोर तापाने फणफणलेली. तिने गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातून पुतळी सोडवली आणि अण्णांनी विचारायच्या आधीच सांगितलं, की ही तिची नाही, सवतीची आहे. पहिली बायको वारली आणि दुसरी घरात आली, की पहिलीच्या नावाने दुसरीच्या गळ्यात सोन्याचा टाक घालतात. ज्याला टाक जमत नाही तो एखादी पुतळी घालतो. मेलेलीचा मान राहावा आणि तिने नांदत्या घराला त्रास देऊ नये, हा हेतू. आजारी पोर पहिलीचीच होती. तिच्याच पोरीसाठी तिचीच पुतळी विकतेय, असं म्हणून ती पैसे घेऊन गेली.

त्यानंतर भिंतीपलीकडे काहीतरी बिनसलं. पाटावर तेव्हा सगुणेची धरून अकरा पुतळ्या होत्या. रोज बारा वाजता प्रश्न व्हायचा आणि रोज "राहू दे, राहू दे." अण्णा ओट्यावर भेटले की म्हणायचे, "मास्तर, एक जण नको म्हणतेय. कोणती ते कळत नाही. सगळ्यांचा आवाज मिळून येतो." तीन आठवडे ते सांगलीला गेले नाहीत. शेवटी सराफाची चिठ्ठी आली, की भाव कधी नव्हे एवढा चढलाय, शनिवारपर्यंत माल आला तर घेतो, नाहीतर नको. शनिवारी अण्णांनी पुरचुंडी बांधली. मोटार दोन वाजताची होती.

बाराच्या सुमारास सगुणा दारात उभी राहिली. माणातून निघून वाटेत मिळेल त्या बैलगाडीत बसून ती आली होती. मी तेव्हा अण्णांकडेच होतो.

"अण्णा," ती म्हणाली, "माजी सवत माघारी द्या."

पोर बरी झाली होती, मनीऑर्डरही आली होती. पण पुतळी विकल्यापासून रोज भर दुपारी पहिली येऊन उंबऱ्यावर बसते, असं तिने सांगितलं. "रागवत न्हाई. बोलत बी न्हाई. नुसती माज्या गळ्याकडं बगती. आवं, मला आत-भाईर करता येत न्हाई." हे सांगताना तिने अण्णांच्या उंबऱ्याकडे पाहिलं, आणि उंबऱ्यावर टेकलेला पाय मी मागे घेतला.

अण्णांनी पुरचुंडी सोडली. अकराही पुतळ्या पाटावर मांडल्या. एकीसारखी दुसरी, झिजलेले राम आणि झिजलेल्या सीता. अण्णांनी चाळिशी लावून एकेक उलटसुलट पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. हयात नाणी पारखण्यात गेलेल्या माणसाला तिची पुतळी ओळखता येत नव्हती. चुकीची दिली तर ती बाई जन्मभर परक्याच मेलेलीला गळ्यात वागवणार, आणि खरी सांगलीला मुशीत जाणार.

"सरा मागं," सगुणा म्हणाली. ती पाटासमोर बसली, डोळे मिटले आणि तांदळावरून बोटं फिरवत गेली. तिसरीवर जरा थांबली, पुढे सरकली, मग एक उचलून मुठीत घेतली. "हीच."

कशावरून, असं मी विचारलं. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "नवं लुगडं नेसायच्या आदी पयलं हिला दावती मी. पोरीचं काय झालं, काय न्हाई, समदं हिलाच सांगती. सा वर्सं हात लागलाय, मास्तर. वळखू यायची न्हाई व्हय?"

"तुम्ही त्यांना पाहिलं होतं का कधी?" अण्णांनी विचारलं.

"कवाच न्हाई," ती म्हणाली.

अण्णांनी दिले होते तेवढेच पैसे घेतले. भाव वाढल्याचं तिच्याही कानावर आलेलं होतं, ती वर काही देऊ लागली, पण त्यांनी ऐकलं नाही. तिच्या पदरात तांदूळ घातला आणि पुतळीला नमस्कार केला. सगुणा गेली. मग दोन वाजले, मोटारीचा भोंगा वाजला, तरी अण्णा पाटासमोरून उठले नाहीत.

"माझ्या घरातही होती अशी एक," ते म्हणाले. "थोरलीच्या नावाची, धाकटीच्या गळ्यात. भाव चढला तेव्हा मी ती मागितली. म्हटलं, आठ दिवसांत दुसरी आणून घालतो, सगळ्या सारख्याच असतात. तिनं काढून दिली. एवढंच म्हणाली, 'त्यांना विचारलंत का?' मी हसलो. मी सांगलीला गेलो आणि चांगला नफा घेऊन आलो. दुसरी आणायची राहिली. त्याच पावसाळ्यात धाकटीही गेली."

अण्णा अंगठ्याने तांदूळ सारखे करत होते.

"तेव्हापासून विचारतोय. चोवीस वर्षं झाली."

म्हणजे हा सगळा धंदा ती एक पुतळी सापडावी म्हणून होता. आजवर मी त्यांची किती टिंगल केली, या विचाराने माझी मलाच लाज वाटली. तिची खूण काय, म्हणून मी विचारलं.

"खूण माहीत नाही," अण्णा म्हणाले. "लोकांच्या गळ्यातल्या पुतळ्या मी दहा हातांवरून पारखल्या. घरातली कधी निरखून पाहिलीच नाही. विकतानाही फक्त वजन केलं. आता आली तरी मला कळणार नाही. तिनंच ओळख दिली तर."

मी घरी आलो. ही तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्या गळ्याकडे बघत राहिलो. मंगळसूत्राच्या एका वाटीला चेमटल्याची खूण होती. कधीची, म्हणून विचारलं, तर म्हणाली, लग्नानंतरच्या दिवाळीपासूनची.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता पलीकडे पाट मांडल्याचा आवाज आला. मी भोकातला बोळा काढला आणि कान लावला. ही पण हातातलं काम टाकून माझ्या शेजारी येऊन बसली. अण्णांनी विचारलं, "जायचं का तुम्हाला?" नेहमीएवढा वेळ गेला. मग त्याच्या दुप्पट गेला. अण्णा "बरं" म्हणेनात आणि "राहू दे"ही म्हणेनात. आणि भिंतीच्या अलीकडे आम्ही दोघं मनातल्या मनात विनवत होतो, की त्यांना कुणीतरी उत्तर द्यावं.