कुत्रा बाहेर, कागद आत

कुडाळकरकाकांकडे कोणी कुत्रा घेऊन आलं, की ते खुर्चीतूनच ओरडत, "कुत्रा बाहेर बांधा, कागद आत आणा!" परळच्या आमच्या चाळीत कुत्र्यांचा सर्वांत मोठा जाणकार हा माणूस होता, आणि कुत्र्याला सर्वांत जास्त घाबरणाराही तोच.

फोर्टातल्या एका कचेरीत जातिवंत कुत्र्यांची नोंदवही होती. तीस वर्षं काकांनी तिच्यात कुत्र्यांचे आईबाप, आजेपणजे लिहिले. निवृत्त झाले तेव्हा त्यांचा जगातल्या कुठल्याच वहीवर विश्वास उरला नव्हता. महागडं पिल्लू घेण्याआधी लोक त्याची वंशावळ त्यांना दाखवायला आणत आणि बहुतेक जण तोंड पाडून परत जात.

एकदा माटुंग्याचे एक गृहस्थ अल्सेशियनचं पिल्लू आणि लाल शिक्क्याचा कागद घेऊन आले. काकांनी चष्मा लावला.

"ह्याच्या आईला फेब्रुवारीत सहा पिल्लं. मार्चअखेर पुन्हा सात. ही कुत्री आहे की छापखाना?"

"अहो, पण विलायतेचा शिक्का आहे!"

"शिक्का रबराचा असतो. विलायतेतही."

गृहस्थ गेल्यावर मी भीत भीत विचारलं, "काका, मग खरी वही ओळखायची कशी?"

"चार पिढ्यांच्या तीस चौकटी असतात. तीसच्या तीस भरलेल्या दिसल्या की समज, कोणीतरी थापा मारल्यात. मालक सांगतो ते कारकून लिहितो. पिल्लं बघायला जातो कोण? मी तरी कुठे गेलो? एखाद्या पणजोबाचा पत्ता नसणारच. तिथे 'माहीत नाही' लिहायची ज्या वहीची छाती आहे, तिच्यावर थोडा विश्वास ठेवावा. थोडाच."

हा अविश्वास कुत्र्यांपुरता राहिला नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या एका सभेहून चाळ घसा बसवून परतली आणि कोणी म्हणालं, "लाखभर माणूस होतं!" तर काकांनी गॅलरीतून विचारलं, "मोजलं कोणी? ज्यानं सभा भरवली त्यानंच ना?" त्यावरून त्यांच्याशी आठवडाभर कोणी बोललं नाही. खरं तर त्या सभेत तेही होते. घोषणा देऊन त्यांचाच आवाज सर्वांत जास्त बसला होता.

त्याच सुमारास त्यांच्या मुलाचं, मधूचं लग्न जमत आलं. मधू गिरणीच्या हपिसात होता. सरळ, अबोल मुलगा. गिरगावच्या एका घरची मुलगी त्याला मनापासून आवडली होती. मुलीच्या वडिलांनी मुलाच्या माहितीचं टिपण मागितलं. काकांचा हात थरथरायचा, म्हणून लिहायला मला बोलावलं. कॉलेजात जाणारा चाळीत मी एकटाच.

नाव, शिक्षण, नोकरी लिहून झाली. मी विचारलं, "जन्मवेळ? आजोळ?"

मधू एका प्रसूतिगृहात कोणीतरी ठेवून गेलेलं मूल होता. मधूला ते ठाऊक होतं, चाळीतल्या जुन्या माणसांनाही. मला ते त्या दिवशी कळलं.

काकी म्हणाल्या, "माझ्या भावाचा नाव घाल. बघूक कोण येतलो?"

"लिही," काका म्हणाले, "माहीत नाही."

माझा टाक थांबला. "काका, लग्न मोडेल."

"लिही."

"कुत्र्यांचो कायदो माझ्या झिलाक लावतास?" काकी किंचाळल्या. काकांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी लिहिलं. आजही वाटतं, शाई सांडल्याचं निमित्त करून मी उठायला हवं होतं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. 'पत्रिका जुळत नाही. क्षमस्व.' जन्मवेळच दिलेली नव्हती, तरी पत्रिका जुळली नव्हती. एवढा उघड खोटा कागद काकांच्या हाती क्वचितच आला असेल. त्यांनी तो दोनदा वाचला आणि एकही चूक काढली नाही. मधू कामावरून आला, त्यानंही वाचला. "जाऊ दे, बाबा," म्हणाला आणि चप्पल न काढताच पुन्हा बाहेर पडला.

काकी मोरीत भांडी आपटत होत्या. मी निघणार, तोच काका हळू आवाजात म्हणाले, "ही म्हणते तसं लिहिता आलं असतं रे. पण कधीतरी कळलंच असतं. मग ती पोरगी जन्मभर आमच्या मधूकडे, मी त्या कागदांकडे बघतो ना, तशी बघत राहिली असती. ते मला सोसलं नसतं."

मी मान हलवली.

"आणला तेव्हा एवढासा होता. ही तापानं पडलेली. महिनाभर मीच कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं त्याला. माझं बोट सोडायचा नाही. तू शिकलेला आहेस. हे टिपणात कुठे लिहायचं असतं, सांग बघू?"