प्रिंटर कुणाच्या गटात?

त्या रविवारी मी दुपारी झोपलो असतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी घराचं नेटवर्क सुधारायचं ठरवलं.

आमच्या घरात माणसं तीन आणि कॉम्प्युटरही तीन, पण तिन्हींचं आपसात पटत नाही. बायको मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, तिच्याकडे मॅक. सासरे निवृत्त शिक्षक, हल्लीच आमच्याकडे राहायला आले. त्यांचं विंडोज इतकं जुनं, की ते सुरू होईस्तोवर त्यांचा चहा पिऊन होतो. माझ्याकडे लिनक्स. (हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो.)

सासऱ्यांना पडद्यावर 'अभिनंदन!' दिसलं की राहवत नाही. लगेच क्लिक करतात. त्यांच्या कॉम्प्युटरमधला एखादा व्हायरस उद्या बायकोच्या चित्रांत शिरला तर? मी ऑफिसात नेटवर्क सांभाळतो (म्हणजे निघालेली वायर परत खोचतो), त्यामुळे उपाय मला ठाऊक होता. व्ही-लॅन! वायरी त्याच, पेटी तीच, पण आत न दिसणाऱ्या भिंती घालायच्या. विंडोज एका गटात, मॅक दुसऱ्या, लिनक्स तिसऱ्या. इंटरनेट सगळ्यांना, पण शेजारी डोकावणं बंद.

त्यासाठी मी एक हुशार स्विच आणला. सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात ती पेटी. ती माझ्यापेक्षा हुशार आहे हे मला नंतर कळलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळात सासरे आणि बायको एकमेकांशी बोलत नव्हते. बायकोने मोठ्या हौसेने घोड्याचं चित्र दाखवलं होतं आणि सासरे म्हणाले होते, "वा! गाढव छान जमलंय." बायको म्हणाली, "यापुढे तुम्ही मला काही सांगू नका." शिक्षक माणूस, शब्द पाळला. तेव्हापासून त्यांना काही सांगायचं असलं की ते टाइप करून छापत, आणि कागद बायकोच्या खोलीतल्या प्रिंटरमधून बाहेर पडे. 'चहात साखर कमी.' 'पंखा आवाज करतो.' ती मागच्या बाजूला लाल खडूने उत्तर लिहून कागद त्यांच्या दाराखालून सरकवायची. अबोला असा, की दिवसभर गप्पा चालू!

मी भिंती घातल्या आणि प्रिंटर बायकोच्या गटात टाकला. सासऱ्यांच्या गटातून तो आता दिसेनासा झाला, हे माझ्या लक्षातच आलं नाही. सगळ्यांचं इंटरनेट चालतंय हे पाहिलं आणि स्वतःची पाठ थोपटली.

घरात इतकी शांतता पसरली, की मला वाटलं, हा व्ही-लॅनचाच गुण. "बघ," मी बायकोला म्हणालो, "भिंती घातल्या की भांडणं मिटतात."

ती अधूनमधून प्रिंटरकडे बघत होती. रात्री जेवताना म्हणाली, "बाबा रागावलेत वाटतं. साखरेबद्दलही काही नाही आलं." तिचा चेहरा उतरला होता. मला वाईट वाटलं, पण कारण मीच आहे हे डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो, तर सासरे बॅग भरत होते आणि बायको दारात उभी होती.

"बाबा, हे काय?"

"जातो माझ्या घरी. एकटा राहीन. उत्तरसुद्धा द्यावंसं वाटत नाही तुला, तर इथे कशाला अडचण?"

"कशाचं उत्तर?"

"घोडा घोड्यासारखाच होता, माझा चष्मा जुना आहे, असं लिहिलं. चार वेळा छापलं."

"माझ्याकडे एकही कागद आला नाही!"

दोघं एकदम थांबली. मग दोघांनीही हळूहळू माझ्याकडे मान वळवली.

"अरे, तू काय केलंस?" बायकोने विचारलं.

"किरकोळ आहे," मी म्हणालो. "भिंतीला एक दार ठेवायचं, बस."

पण स्विच मला आत घेईना. आदल्या दिवशी मी फार सावधपणे ठरवलं होतं, की स्विचला हुकूम सोडण्याचा हक्क फक्त चौथ्या गटाला. त्या चौथ्या गटात कुणीच नव्हतं. मीसुद्धा नव्हतो. घराला कुलूप लावून किल्ली आतच ठेवली होती मी!

मी टेबलाखाली स्विचशी झटत घाम पुसत होतो आणि वर ती दोघं बोलत होती. खरंखुरं, तोंडाने.

"ऑफिसातही हे असंच करतात का गं?"

"तिथे त्यांना वायरींपुरतंच ठेवलंय, बाबा."

बायको हसली. सासरे तिच्याहून मोठ्याने हसले. माझी टर उडत होती, तरी तो आवाज ऐकून मला फार बरं वाटलं.

शेवटी टाचणीने मागचं बटण दाबून धरलं. स्विच सगळं विसरला, भिंती पडल्या, आणि प्रिंटर घरघरत अडकून पडलेल्या चार माफ्या आणि साखरेची एक तक्रार बाहेर टाकू लागला. बायकोने डोळे पुसले आणि चहात आणखी दोन चमचे साखर घातली. सासऱ्यांनी बॅगेतले सदरे पुन्हा कपाटात ठेवले.

मग तिने त्यातलाच एक कागद पालथा करून त्यावर लाल खडूने चित्र काढलं. चार पाय, लांब कान, तोंडात नेटवर्कची वायर. कागद बाबांपुढे धरला.

"बाबा, आता नीट बघून सांगा. कोण आहे हे?"

सासऱ्यांनी चष्मा पुसला, चित्र निरखलं, मग टेबलाखालून बाहेर येणाऱ्या माझ्याकडे बघितलं.

"जावईबापू," ते म्हणाले.

"बरोब्बर!" बायको म्हणाली.