जावयाने वाचवलेला दावा

सुज्ञ वाचकहो, एक शोध कायद्याच्या छत्राखाली आणताना खुद्द शोधकच त्या छत्राबाहेर कसा राहिला, त्याचा यथातथ्य वृत्तांत येथे सादर होत आहे. तो शांतचित्ताने वाचावा.

एका चष्मेवाल्याने भिंगांवर लेप देण्याची अशी रीत शोधली, की भिंगावर केसाहून शतपटीने सूक्ष्म काटे उभे राहत आणि पाण्याचा थेंब टेकण्यापूर्वीच घरंगळून जाई. परंतु समोरच्या दुकानदाराने तिची ओबडधोबड नक्कल आरंभली. त्याचा लेप महिन्याभरात उडे. तथापि तो स्वस्त असल्याने गिऱ्हाइके तिकडे वळू लागली. त्यास रोखण्यासाठी पेटंट घेणे अगत्याचे झाले, आणि जावई पेटंटचाच वकील असल्याने काम घरातच राहिले.

पेटंट कचेरीतील अधिकाऱ्यांपुढची सुनावणी संगणकाच्या पडद्यावर होती.

"मामा, आज तोंड उघडायचं नाही," जावयाने बजावले. "मागच्या वेळी तुम्ही साहेबांच्याच चष्म्याला नावं ठेवलीत."

"वाकडाच होता तो, जावईबापू."

"असू दे वाकडा. पेटंट हवंय ना?"

सासरे रुसले व हाताची घडी घालून बसले.

अधिकारी म्हणाले, "द्रावणात बुडवून वाळवणं, हा तुमचा दावा. हे तर पूर्वी कित्येकांनी केलंय."

"मग 'बंद पेटीत वाळवणं' असं करतो, साहेब."

"तेही जुन्या एका पेटंटात आहे. पेटी गरम करून वाळवलंय त्यांनी."

सर्व बाजू सांभाळाव्यात म्हणून जावयाने अर्जात 'उष्णता देऊन अथवा न देता' असे आधीच लिहून ठेवले होते. त्याची मुद्रा उजळली. "आमचा दावा उष्णता न देता वाळवण्यापुरताच ठेवा."

सासरे खोकले. जावयाने पाण्याचा पेला पुढे सरकवला. सासऱ्यांनी भुवया उडवल्या, मान हलवली आणि अखेरीस निमूटपणे पाणी प्यायले.

"मग माझी हरकत नाही," अधिकारी म्हणाले.

पडदा बंद होताच लेक आत आली. "बाबा, झालं ना मनासारखं? मग चेहरा असा का?"

"आता बोलू का?"

"बोला की."

"पेटी गरम केल्याशिवाय काटे उभेच राहत नाहीत. नुसता चिकटा राहतो."

जावयाने अर्ज पुन्हा उघडला. "अहो, मग सांगायचं नाही का?"

"तोंड उघडायचं नाही म्हणालात."

"एकाला वेळेवर बोलता येत नाही, दुसऱ्याला ऐकता," लेक म्हणाली. "जोडी छान जमलीय."

दावा एकदा आवळला की पुन्हा सैल करता येत नाही. म्हणजे पेटंट मिळाले ते कोणीच न वापरणाऱ्या रीतीचे, आणि पेटी गरम करणारा समोरचा मात्र मोकळाच. जावई लाजेने सासुरवाडीस येईनासा झाला.

एके दिवशी तो धापा टाकीत दुकानात शिरला. "मामा, समोरच्यानं आपलं पेटंट वाचलं. खरी युक्ती हीच असं समजून त्यानं पेटी गरम करणं सोडलंय. आता तो तंतोतंत आपल्या दाव्यात सापडलाय. आजच नोटीस धाडतो."

दुकानात समोरून घेतलेले चिकट चष्मे पुसत गिऱ्हाइकांची रांग उभी होती. सासऱ्यांनी जावयास हाताला धरून खुर्चीवर बसवले.

"नोटीस कशाला, जावईबापू? करू दे की त्याला मन लावून."

येथवर सोबत केलीत, त्याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
त्याच रस्त्यावरचा घड्याळवाला अण्णा