कान कुणाचा धरायचा?

आमच्या अब्राहमकाकांना नवीन वस्तू दाखवली की ते किंमत विचारत नसत. विचारत, "बिघडलं तर कान कुणाचा धरायचा?" फ्रिज आला, हाच प्रश्न. बेर्शेबा शहराला जाणारी नवी बस सुरू झाली, हाच प्रश्न, तोही थेट ड्रायव्हरला. आम्ही मराठी ज्यू राहायचो त्या येरुहाम गावची पोरं त्यांना लांबून पाहिलं की आपलेच कान झाकत.

अशा माणसाला बेर्शेबाच्या आमच्या हॉस्पिटलच्या समितीत कुणी घेतलं, देव जाणे! पेशंटांवर कुठलाही प्रयोग करायचा तर आधी या समितीची परवानगी लागे, आणि तिच्यात एक साधा नागरिक हवा असे. मी समितीची सेक्रेटरी.

एकदा प्रोफेसरांनी कॉम्प्युटर आणला. छातीत दुखणाऱ्याला तो प्रश्न विचारणार आणि डॉक्टरसारखा विचार करून सांगणार, हॉस्पिटलात पाठवायचं की घरी. मला तो हवाच होता. येरुहामच्या दवाखान्यात रोज डॉक्टर नसे, आणि माझी आई हृदयाची पेशंट. सगळ्यांचे हात वर गेले, काकांचा सोडून.

"आधी आमच्या येरुहामच्या माणसांवर चालवून दाखवा."

असा संताप आला मला! शेवटी मशीन येरुहामला आणलं आणि मी हट्टाने आईलाच पुढे बसवलं. पडद्यावरचे हिब्रू प्रश्न मी तिला मराठीत विचारत होते.

"छातीत दुखतं?"

"नाय गो. बरं आहे, देवाची कृपा."

"दम लागतो?"

"बरं आहे म्हटलं ना!"

मशीनचं उत्तर आलं: घरी. प्रोफेसर खूश. काका मात्र आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

"फ्लोराबाई, मालिद्याचं ताट आत्ता हातात दिलं तर उचलाल?"

एलियाहू हन्नबी या आमच्या संदेष्ट्याच्या नवसाचं ते गोड पोह्यांचं ताट, त्याच्याबद्दल आमच्यात कुणी खोटं बोलत नाही.

"आज नको, भाऊ," ती पुटपुटली. "डावा हात मेला सकाळपासून उठतच नाय."

मी धावत जाऊन ॲम्ब्युलन्स बोलावली. बेर्शेबापर्यंतचा रस्ता संपता संपेना. मी ॲम्ब्युलन्समध्ये आईला धरून बसलेले, आणि पुढे काका ड्रायव्हरवर मराठीतून ओरडतायत, "अरे, हाण ना!" तो बिचारा मोरोक्कोचा, त्याला मराठी कुठलं कळायला, पण त्याने हाणली.

आई वाचली. दोन दिवसांनी प्रोफेसर स्वतः वॉर्डात आले. तिथेच उभे असलेले काका म्हणाले, "परवानगी देतो. पण मशीनच्या शेजारी एक माणूस बसवा, पेशंटच्या तोंडाकडे बघायला. कुणी नसेल तर मी बसेन. घरी तरी मला काय काम?"

प्रोफेसर गेल्यावर मी विचारलं, "काका, तुम्हाला कळलं कसं?"

"तुझी लियाकाकीसुद्धा त्या सकाळी 'बरं आहे' म्हणाली होती. मी डबा घेऊन फॅक्टरीत गेलो. परत आलो तेव्हा ती गेलेली."

आई खाटेवरून ऐकत होती. "आणि तुम्ही कसे आहात, भाऊ?"

"बरं..." काका सवयीने म्हणाले आणि थांबले. "नाय, फ्लोराबाई. घरात जीव रमत नाय."

आईने पाय आखडून घेतले आणि त्यांना खाटेवर बसायला जागा करून दिली.