किमान बारा 'हं'

मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमातून विद्यार्थ्याने नेमकं काय शिकावं, हा प्रश्न आमच्या महाविद्यालयात बावीस वर्षं कोणालाही पडला नव्हता. मुलं प्रवेश घेत होती, आम्ही शिकवत होतो, निकाल लागत होता. मग विद्यापीठाचं परिपत्रक आलं. प्रत्येक विभागाने आपल्या विषयाचा हेतू एका वाक्यात पंधरा दिवसांत कळवावा; हेतू मोजता येण्याजोगा असावा; न कळवल्यास विभाग बंद का करू नये, याचा लेखी खुलासा करावा. मी विभागप्रमुख. विभागात मी, एक कपाट आणि शिपाई, त्यामुळे जबाबदारी कोणावर ढकलायची हा प्रश्नच नव्हता.

त्याच आठवड्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी माझ्या दारात येऊन उभी राहिली. तिचे वडील तीस वर्षं छापखान्यात यंत्रावर होते. यंत्राच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची त्यांची सवय. छापखाना बंद पडला, ते घरी बसले आणि शांत घरात किती मोठ्याने बोलायचं हेच न कळल्यासारखे गप्प झाले. जेवायला बोलावलं की यायचे, पंखा अडला की दुरुस्त करायचे, पण तोंडातून शब्द नाही. सात महिने झाले होते.

"सर, बाबांना बोलतं कसं करायचं, ते या कोर्समध्ये आहे ना?" तिने विचारलं. "मी त्यासाठीच हा विषय घेतलाय."

मी "हं" म्हणालो आणि अभ्यासक्रमाची प्रत तिच्या हातात ठेवली. तिने ती उभ्याउभ्याच चाळली. उंदीर कसा शिकतो ते त्यात होतं, कुत्र्याला लाळ केव्हा सुटते ते होतं. माणूस घरात गप्प का बसतो, ते मात्र कुठल्याच प्रकरणात नव्हतं. तरी तिच्यामुळे मला वाक्य सुचलं हे मान्य केलं पाहिजे. मी लिहून टाकलं: 'विद्यार्थ्याला समोरच्याचं ऐकून घेता येईल.' वाक्य मलाच इतकं आवडलं की मी ते शिपायालाही वाचून दाखवलं.

आठ दिवसांत ते परत आलं. शेरा होता: 'ऐकणे ही क्रिया बाहेरून दिसत नाही. दिसेल अशी करून पाठवावी.'

प्राचार्यांच्या खोलीत बैठक बसली. प्राचार्य मूळचे रसायनशास्त्राचे. ऐकल्यावर माणसाचा रंग वगैरे बदलतो का, असं त्यांनी विचारलं. चेहऱ्याचा थोडा बदलतो, मी म्हणालो, पण तो जर्नलमध्ये चिकटवता येणार नाही. तीन चहांनंतर मार्ग निघाला. ऐकणारा मधूनमधून 'हं' म्हणतो, आणि 'हं' मोजता येतो. तेव्हा दहा मिनिटांच्या ऐकण्यात किमान बारा 'हं', बोलणाऱ्याचे किमान तीनशे शब्द आणि खाली बोलणाऱ्याची सही, असा तक्ता तयार झाला. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाला असे चाळीस तक्ते भरायचे. विद्यापीठाने तो मंजूर तर केलाच, शिवाय नमुना म्हणून इतर महाविद्यालयांनाही पाठवला. मी घरी बायकोला ही बातमी सांगितली. तीही मला काहीतरी सांगत होती.

पहिला महिना फार चांगला गेला. साठ मुलं गावभर ऐकत सुटली. एका विद्यार्थ्याच्या आजीने एकटीने अकरा तक्ते भरून दिले आणि तो उठायला लागला की त्याचा हात धरून ठेवला. पण गाव ते केवढं, आणि त्यात बोलायला मोकळी माणसं ती किती? दुसऱ्या महिन्यात बागेतल्या म्हाताऱ्यांनी फिरायची वेळ बदलली. न्हाव्याने दुकानावर पाटी लावली, 'आमच्याकडे आधीच ऐकले जाते.' हातात तक्ता घेतलेलं पोर दिसलं की बऱ्या घरची माणसं रस्ता बदलू लागली.

मग महाविद्यालयासमोरचा झेरॉक्सवाला पुढे आला. तो तयार तक्ते ठेवू लागला, सहीसकट. प्रेमभंग, सासू आणि नोकरी अशी तीन प्रकारची दुःखं त्याच्याकडे मिळत. परीक्षा जवळ आली तेव्हा प्रेमभंग संपला होता. ज्यांना स्वतः मेहनत करायची हौस होती, ती मुलं उपाहारगृहात जोड्या जोड्यांनी बसून एकाच वेळी एकमेकांचं ऐकत, म्हणजे दोघंही बोलत आणि दोघंही 'हं' म्हणत. एकदा मी जिन्यावरून उतरत असताना अख्ख्या वर्गाचा एकसुरात 'हं' ऐकू आला. सराव चालला होता. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू?

त्या मुलीचे चाळीस तक्ते वेळेवर आले. चाळीसही वडिलांचेच. शब्द, शून्य. 'हं', शून्य. सही मात्र प्रत्येकावर होती, दाबून केलेली, कागदाच्या मागून हाताला लागेल अशी. शेऱ्याच्या जागी तिने लिहिलं होतं: 'मी शेजारी बसले.' एका ठिकाणी होतं: 'बिजागरीला तेल घातलं. मी डबी धरली.' मी तिला बोलावून घेतलं आणि हे चालणार नाही म्हणून सांगितलं.

"ते अजून बोलत नाहीत, सर."

"मग शेजारच्या कोणाचं तरी ऐक."

"मला त्यांचंच ऐकायचंय."

मी मनाने मऊ माणूस. झेरॉक्सवाल्याकडचा 'नोकरी' हा प्रकार तिच्या वडिलांना अगदी बेतून शिवल्यासारखा बसेल, असं मी हळूच सुचवलं. एक नमुना टेबलावर होता, तोही तिच्याकडे सरकवला. तिने तो वाचला आणि होता तसा परत ठेवला. मला तिचा रागच आला. शेवटी वर्ष तिचं जाणार होतं, माझं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. एकूणसाठ मुलांनी सुरेख 'हं' म्हणून दाखवले. तिची पाळी आली तेव्हा ती एकटी आली नाही. मागे एक उंच, वाकलेला माणूस होता. बोटांच्या पेरांत शाई कायमची मुरलेली. तो टेबलासमोर उभा राहिला आणि खिडक्यांची तावदानं हादरतील अशा आवाजात, म्हणजे त्याला ठाऊक असलेल्या एकमेव आवाजात, म्हणाला:

"ती रोज शेजारी बसते. काही विचारत नाही. म्हणून आलो."

मुलीने तोंडावर हात ठेवला. शिपाई दारात खिळून राहिला. परीक्षकांनी चष्मा पुसला आणि शब्द मोजले. नऊ भरले. आणखी दोनशे एक्क्याण्णव मिळाले तर काम होईल, असं त्यांनी अत्यंत सौजन्याने सुचवलं. त्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुलीला घेऊन बाहेर पडला.

थोड्या वेळाने शिपायाने मला खिडकीपाशी बोलावलं. खाली सायकली लावायच्या जागेत तो माणूस हातवारे करून बोलत होता. कधी एकदम मोठ्याने, मग आपलं आपणच दचकून हळू. ती समोर उभी होती. रडत होती आणि हसतही होती. एकदाही 'हं' म्हणत नव्हती.

"सर, तीनशे तर केव्हाच झाले असतील," शिपाई म्हणाला. "मोजू का?"

परीक्षेच्या खोलीबाहेर बोललेलं ग्राह्य नाही, हे मी त्याला समजावून सांगितलं. नापास दाखवावं तर विभागाचा निकाल शंभर टक्के लागत नव्हता, म्हणून तिला गैरहजर दाखवलं. पुढच्या वर्षी ती आलीच नाही. तिचं काम झालं होतं म्हणे. शंभर टक्के निकालाबद्दल माझा सत्कार झाला आणि आता हा तक्ता सर्व नागरिकांना लागू करावा, अशी शिफारस माझ्याच अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने केली आहे.

सत्काराहून घरी आलो तर बायको माहेरी गेलेली. हे ती मला तीन वेळा सांगून गेली होती, असं चिठ्ठीत होतं. तिन्ही वेळा मी 'हं' म्हणालो होतो, हेही तिने प्रामाणिकपणे नोंदवलं होतं. चिठ्ठीखाली सही होती. मी ती फाइलला लावली.

आपणही घाबरू नये. हे वाचत असताना मघाशी शेजारून कोणीतरी काहीतरी म्हणालं आणि आपण मान वर न करता 'हं' म्हणालात, तो ग्राह्य धरला आहे. अजून फक्त अकरा.