टिटवीच्या पोथीने शाळा राखिली ती हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न. ज्याचे नाव वाचता येण्याआधी ज्याची सोंड ओळखता येते, त्या देवास प्रथम नमन, आणि ज्या बाळांनी ती सोंड ओळखिली त्यांस दुसरे नमन. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजितनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध पंचमी. वार कोणता तो लिहिणारास स्मरत नाही, परंतु बाजाराचा दिवस होता. ते दिवशी या राज्यात जो पराक्रम जाहला तो ना तलवारीचा ना तोफेचा, आणि तरी त्याचे तोडीचा दुसरा आम्ही पाहिला नाही. राज्याचे नाव लिहीत नाही. ज्यांचे आहे त्यांस ठाऊक आहे, आणि इतरांनी आपले म्हटले तरी आमची ना नाही.

तर वर्तमान ऐसे. महाराजांनी किल्ल्याखाली शाळा घातली, आणि पाचा वर्षांची पोरे तीत यावी, सरदाराचे पोर आणि कुंभाराचे पोर एका चटईवर बसावे, ऐसा हुकूम केला, आणि पोरांस पोथ्या वाचून दाखवावयास भिवराबाई नेमिली. बाई अंगाने काटकुळी, बोलणे तडकफडक, आणि आवाज ऐसा की परड्यात बोलली तर वेशीवरचा पहारेकरी 'काय?' म्हणून पुसे. आणि रिवाज ऐसा पडला की शाळेचे पहिले दिवशी पोरांस एक चित्रपोथी मोठ्याने वाचून दाखवावी, आणि ती कोणती ते दरबाराने ठरवावे. येथेच माशी शिंकली. कारण दरबारी मंडळी सदरेवर बसून पोथी मनातल्या मनात वाचीत, मिशीस पीळ देत, मान डोलावीत आणि शेजाऱ्याकडे सरकवीत. ज्यांनी ऐकावयाची त्यांस कोणी पुसले नाही, आणि जिने वाचावयाची तीस तर नाहीच नाही.

पहिले वर्षी शास्त्रीबुवांनी पोथी निवडिली. तीत नीतीची वचने, एका पानावर सोळा सोळा, आणि चित्र म्हणाल तर कडेने वेलबुट्टी. भिवराबाई तिसऱ्या वचनास पोहोचली नाही तो पोरांनी भोकाड पसरिले, आणि चौघे खिडकीतून पसार जाहले, आणि दोघी सायंकाळी गवताच्या गंजीत निजलेल्या सापडल्या. दुसरे वर्षी सुभानजी पागेदार पुढे जाहले आणि म्हणाले, "पोरांस शौर्य पाहिजे," आणि लढाईची पोथी दिली. चित्रे मोठी, यात वाद नाही, परंतु उडालेली मुंडकी इतकी सुरेख रंगविली होती की आठ दिवस गावात एक पोर निजले नाही, आणि आयाबाया लाटणी घेऊन वाड्याचे दरवाजाशी आल्या. मग महाराज कष्टी जाहले आणि बोलिले, "पोरे बसत नाहीत तर शाळा कोणासाठी? यंदा पहिले दिवशी पोरे न बसली तर शाळा मोडावी आणि तेथे पागा बांधावी. घोडी तरी बसतील." सुभानजी बोलिले, "घोडी उभी राहतात, महाराज." परंतु ते कोणी मनावर घेतले नाही.

हे वर्तमान भिवराबाईस कळले तेव्हा ती दळण दळीत होती. जाते तसेच ठेविले, पदर खोचिला आणि पिठाचे हातांनी भर दरबारात येऊन उभी राहिली, आणि बोलिली, "महाराज, दोन वर्षं तुमच्या पोथ्या वाचल्या आणि दोन वर्षं बोलणी मी खाल्ली. यंदा पोथी मी निवडते. पोरं नाही बसली तर पागा बांधा, आणि मी माझं बिऱ्हाड उचलून नदीपल्याड जाते. पुन्हा तोंड दाखवणार नाही." दरबार चपापला. बोलून गेली खरी, पण नदीपल्याड तिचे कोण होते? कोणी नाही. जे होते ते शाळेच्या चटईवरच. महाराज म्हणाले, "दिले."

मग बाईने राज्यात होत्या नव्हत्या तितक्या चित्रपोथ्या मागविल्या, त्या एकवीस भरल्या. आणि निवडण्याची तिची रीत ऐकाल तर तोंडात बोट घालाल. प्रथम तिने एकेक पोथी भिंतीशी उघडून उभी केली आणि नऊ पावले मागे गेली, कारण शाळेत भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत नऊ पावले, आणि जे पोर रडते ते उंबऱ्याशीच बसते. तेथून चित्र कळेना ती पोथी बाद. ऐशा अकरा गेल्या. मग उरल्या त्या काखेत मारून ती कांडपाच्या अंगणात गेली. तेथे बाया भात कांडीत होत्या, आणि बाई ओट्यावर बसून मोठ्याने वाचू लागली. बाया म्हणाल्या, "अगं भिवरे, आमच्या मुसळापुढं तुझं कोण ऐकतं?" ती म्हणाली, "ऐकू नकाच. कांडत राहा." आणि एक पोथी वाचली, मुसळे चालूच. दुसरी वाचली, चालूच. सहावी होती टिटवीची. चिताऱ्याच्या सुनेने आपल्या लेकरासाठी रंगविलेली, पाने बारा, आणि पानास एक ओळ. टिटवीचे पिलू धोंड्याआड बसते आणि आई चाऱ्यास जाते. पानाच्या कडेस तिची शेपटी तेवढी दिसते आणि खाली लिहिले, 'आई गेली, आई गेली.' पान उलटले की आई समोर, पिवळे पाय रोवून उभी, आणि खाली एकच शब्द, 'आली!' पुन्हा जाते, पुन्हा येते. ऊन येते, वारा येतो, कोल्हा येतो, आणि आई येतेच. बाई चौथ्या पानावर आली आणि एक मुसळ थांबले. सहाव्यावर सारी थांबली. आणि नवव्या पानावर 'आई गेली' म्हणताच ती पान उलटण्याआधी म्हातारी सोनक्का सुपातले तांदूळ सांडून ओरडली, "आली!" भिवराबाईने पोथी मिटली आणि म्हणाली, "हीच."

दरबारात गदारोळ जाहला. शास्त्रीबुवा म्हणाले, "टिटवी? शिव शिव! अशुभ पाखरू, आणि तेही पहिले दिवशी! शिवाय यात तात्पर्य कोठे आहे?" बाई म्हणाली, "बुवा, टिटवी ओरडते ती पिलापायी. तुम्हांस अशुभ वाटते, कारण तुम्ही तिच्या वाटेत पाय टाकता. आणि तात्पर्याचं म्हणाल, तर पाच वर्षांचं पोर पहिल्यांदा आईचा पदर सोडतं तेव्हा त्याच्या पोटात एकच प्रश्न असतो, आई येईल ना? त्याला सोळा उत्तरं कशाला? एक पुरे." महाराज हसले आणि पोथी मुक्रर जाहली.

परंतु पोथी दरबारची जाहली म्हणजे दफ्तरातून जाणार, आणि दफ्तर नागोपंत दफ्तरदारांचे. हे गृहस्थ सज्जन, मनात कपट नाही, परंतु शिक्क्याचा अभिमान भारी. आणि शिक्का केवढा, तर भाकरीएवढा. त्यांचे म्हणणे, सरकारी कागदाचा शेवट शिक्क्यावर व्हावा आणि तो पाहणाराच्या डोळ्यांत भरावा. म्हणून त्यांनी शेवटले पान उघडले, मधोमध दाट शाई लावून दोन्ही हातांनी शिक्का दाबिला, फुंकर घातली, आणि समाधान पावले. मग पोथी तांबड्या कापडात बांधून, गाठीवर लाख लावून ठेविली. ती शाळेचे दिवशी सर्वांसमक्ष सोडावी ऐसा कायदा. भिवराबाईस यातले काही कळले नाही.

मग तो पंचमीचा दिवस उगवला. शाळेबाहेर सुभानजींची माणसे मेखा आणि हातोडे घेऊन झाडाखाली बसली, आणि एकदोन घोडीही आणिली होती. आत पोरे एकोणतीस, आणि रडू एकोणतीस तऱ्हेचे. तिसावी नागोपंतांची नात मथी. ती उंबऱ्याशीच बसली आणि आजोबांचे उपरणे मुठीत धरिले ते सोडीना. नागोपंत म्हणाले, "मथे, दफ्तर खोळंबलंय गं," तर ती म्हणाली, "खोळंबू दे." म्हणून तेही उंबऱ्यावर टेकले. भिवराबाईने लाख फोडिली, पोथी काढिली, आपल्याकडे न धरता पोरांकडे तोंड करून छातीशी धरिली आणि वाचू लागली, आणि तिचे काळीज मुसळासारखे पडत होते. पहिले पान जाहले. दुसरे जाहले. तिसऱ्यास कुंभाराच्या पोराने नाक पुसले. पाचव्या पानावर चार पोरे म्हणाली, "आली!" सातव्यावर पंधरा. नवव्यावर बाहेरचा एक हातोडेवाला खिडकीत येऊन म्हणाला, "आली!" आणि सुभानजींनी त्यास डोळे वटारिले, परंतु आपणही खिडकीशी सरकले. मग बाईने अकरावे पान वाचिले, 'रात्र झाली, आई गेली, आई गेली,' आणि पान उलटले.

आणि तेथे आई नव्हती! काळा गोल शिक्का, राज्याचा, भाकरीएवढा. तीस पोरे तोंड उघडून बसली. पोरे गप्प का, म्हणून बाईने वाकून पान पाहिले, तो शिक्का. पुढे बसलेल्या पोराचा ओठ थरथरला, आणि त्याचे पाहून दुसऱ्याचा. बाईच्या मनात आले, पोथी मिटावी आणि आपणच 'आली' म्हणून मोकळे व्हावे. पण ती मनाशी म्हणाली, निवडली मी आहे, भरवसाही माझाच पाहिजे. आणि पोथी आणखी उंच धरून पुसले, "पोरांनो, आई कुठं गं? कुठं रे?" तोच नऊ पावलांवरून, उंबऱ्याकडून, आवाज आला, "ते बघा पाय!" मथी उपरणे सोडून उभी राहिली होती. "पिवळे पाय! खाली दिसताहेत! आजोबा, उचला तुमचा शिक्का, माझी टिटवी खाली दबली!" आणि पोरांनी पाहिले तो खरेच, शिक्क्याखालून दोन पिवळे पाय, रोवून उभे. मग जी आरोळी उठली, "आली! आली! आली!", तिने झाडावरचे कावळे उडाले, आणि घोडी दावी तोडून बाजारात पळाली, आणि सुभानजींची माणसे मेखा टाकून त्यांचे मागे धावली. भिवराबाई भर शाळेत रडली, आणि रडता रडता म्हणाली, "पुन्हा वाचू?" पोरे म्हणाली, "पुन्हा!" ऐसे ते दिवशी पाच वेळ वाचिले, आणि एक पोर उठले नाही.

नागोपंत खाली मान घालून उठले आणि बाईस म्हणाले, "चुकलो. तीस वर्षं शिक्के मारले, खाली काय आहे ते कधी पाहिलं नाही." बाई म्हणाली, "पंत, पोरीनं पाहिलं ना? झालं तर." ते निघाले तेव्हा मथीने मागे वळूनही पाहिले नाही. मग दुपारी शाळा सुटावयाची वेळ जाहली आणि दारात आया येऊ लागल्या, आणि जी आई दिसे तीस पाहून सारी शाळा गर्जे, "आली!" महाराजांच्या स्वारीसही ऐसी ललकारी कधी मिळाली नाही. सर्वांचे शेवटी नागोपंत आले, दफ्तर टाकून, घामाघूम, नातीस न्यावयास. पोरांनी त्यांस पाहिले, क्षणभर विचार केला, आणि वडीलधाऱ्यास शोभेल ऐसे एकमुखाने ओरडली, "आले!" थोर दफ्तरदार, राज्याचा अर्धा कारभार ज्यांच्या शिक्क्यावर, ते दारातच उपरण्याने डोळे पुसू लागले.

येणेप्रमाणे शाळा राहिली, पागा दुसरीकडे गेली, आणि भिवराबाईचे बिऱ्हाड जेथले तेथे राहिले. पोथी तीच निवडते, आणि कांडपाच्या बाया तिचा दरबार. पोथीवर शिक्का मारणे तो पाठीमागे, बोराएवढा मारावा, ऐसा नागोपंतांनी आपले हाते कायदा लिहिला. या राज्याने किल्ले घेतले आणि गमावले, परंतु तीस पोरे एका आसनी बसविली हे यश कोणास घेता आले नाही. लिहिणार ते दिवशी त्या पोरांतच, तिसऱ्या रांगेत होता. कागदाचे शेवटी शिक्का करावयाचा, तो या कागदावर केला नाही. जागा मोकळी ठेविली आहे. आई यावयाची आहे.