फियाटच्या बुडाला तेल

बस इथे. आणि यातला एक शब्द जरी तुला खरा वाटला ना, तर मला सांग. नाय वाटणार. आमच्या खारदांड्याच्या कोळीवाड्यात कोणालाच वाटला नाय. फक्त वास आला.

माझा नवरा चंदर वारला त्याला सहा वर्षं झाली. त्याची जुनी फियाट दाराशी उभी. मी पंचवीस वर्षं तिच्यातून मच्छीच्या पाट्या नेल्या, खारं पाणी गळून गळून बूड कुजलं. पाय ठेवला की खाली रस्ता लागायचा. आणि नात दिपाली हट्टाला पेटलेली, "लग्नाच्या हॉलवर जाईन तर आजोबांच्याच गाडीतून!"

लग्न परवावर. माझ्या लेकानं, दिपेशनं, दिपालीला शब्द दिला, डेंटर चंद्रप्रकाशला बोलावलं. त्यानं कुजका पत्रा कापला, नवा वेल्डिंग करून बसवला. "उद्या कलर मारतो, झकास!" बोलला नि गेला.

चंदर होडी पाण्यात टाकायच्या आधी तिला मुशी माशाचं तेल पाजायचा. चाळीस वर्षं लाकूड कुजलं नाय. मी विचार केला (मी विचार केला की घरातले घाबरतात), होडीचं काय नि गाडीचं काय, बूड ते बूड. त्याची बाटली उरलेली. रात्री नव्या पत्र्याला वरून चोळलं, खाली आडवी होऊन चोळलं. वय बहात्तर.

सकाळी कलर धरेना. सायीसारखा गोळा होऊन निघाला.

"डबाच खराब आहे," चंद्रप्रकाश बोलला.

"हात खराब आहे तुझा!" दिपेश उसळला.

मी तोंड गंभीर करून बोलली, "नजर लागली. लिंबू बांध." त्यानं बांधलं पण!

दुपारी पत्रा तापला, वास उठला. दिपेश माझ्याकडे वळला.

"आये, हात दाखव."

दाखवला. त्यानं हुंगला.

"वाट लावलीस! आता पोरीला काय सांगू?"

तेव्हा मला हसू नाय आलं. दिपालीनं गाडीत डोकं घातलं, ते किती वेळ काढलंच नाय.

"आजोबा होडीवरून आले की असाच वास यायचा," ती बोलली. "कलर राहू दे, बाबा. मी यातूनच जाणार."

लग्नादिवशी नवरी ऐटीत बसली, काचा खाली. मी मागचं दार उघडलं, तर मेकअपवाली श्वेता ओरडली, "आजींना नको हां! गाडीचा वास चालेल, यांचा नाय!"

तीन आंघोळी केलेल्या मी. गेली टेम्पोतून, भांड्यांच्या मध्ये बसून. हॉलच्या दारात वाढपी आडवा आला. "मावशी, आज जेवण व्हेज आहे. मच्छी परत न्या."

हसतोस काय? जा आता. निघ!